हँडीकॅमच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवताना

आत्याने साताऱ्याहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पिशवी पाठवली. आत अकरा कॅसेटी. सात अगदी छोट्या, तळहातावर दोन मावतील अशा. तीन ऑडिओ कॅसेटएवढ्या, पण जाड. आणि एक व्हीसीआरची, ठोकळ्यासारखी. लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवलेल्या, त्यामुळे पिशवी उघडताच खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. संध्याकाळी तिचा फोन. "अरे, वायर लावली की कॉम्प्युटरमध्ये कॉपी होतं म्हणे सगळं. रविवारी बसून करून टाक."

पाच रविवार गेले. त्यात आत्याची काही चूक नाही. पेनड्राइव्ह आणि मोबाइलची सवय झाली की 'कॉपी' म्हणजे फाइल उचलून दुसरीकडे ठेवणं, असंच आपण धरून चालतो. कॅसेटमध्ये मात्र फाइल नसतेच. नाव नाही, यादी नाही, साइझ नाही. असते ती चुंबकीय कणांचा लेप दिलेली एक लांबलचक फीत. तिच्यावर काय आहे हे कळायचा एकच मार्ग : ती लावायची आणि चालू द्यायची. कॅमेरा कॅसेट दाखवत असताना कॉम्प्युटरने ते टिपून घ्यायचं, एवढीच ही 'कॉपी'. म्हणून एका तासाच्या कॅसेटला एक तास लागतो, त्यात कसलीही घाई चालत नाही.

ही फीत वाचणं म्हणजे काय, तेही बघण्यासारखं आहे. ऑडिओ कॅसेटमध्ये फीत एका जागी बसवलेल्या हेडवरून सरकते. व्हिडिओला इतका मजकूर लागतो की तसं केलं तर फीत भन्नाट वेगाने पळवावी लागेल. म्हणून फीत सावकाश सरकवायची आणि हेडच गरगर फिरवायचं, अशी युक्ती काढली. एक तिरका बसवलेला ड्रम, त्याच्या कडेला हेड, आणि ड्रमभोवती गुंडाळत जाणारी फीत. हेड प्रत्येक फेऱ्यात फितीवर एक तिरकी रेघ ओढतं. आपल्याकडच्या व्हीएचएस यंत्रात हा ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो, छोट्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यात १५० वेळा. मिनीडीव्हीची एक रेघ १० मायक्रॉन रुंद असते. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा अर्धा डझन रेघा सहज बसतील. कॅमेऱ्यात धूळ, बुरशी, ओल गेली की चित्र का फुटतं, ते यावरून लक्षात यावं.

आणखी एक गोष्ट यातून निघते, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. आपण कॅसेट खराब होईल म्हणून घाबरतो, पण तिच्या आधी तो ड्रम फिरवणारं यंत्र संपतंय. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. टेपवाले हँडीकॅमही कोणी बनवत नाही. जे आहेत ते कपाटात, माळ्यावर किंवा सेकंडहँड बाजारात, आणि त्यांचे रबरी पट्टे, छोटे गिअर, हेड यांचं वय वाढतंय. घरात चालू हँडीकॅम असेल तर 'दिवाळीच्या सुट्टीत बघू' म्हणू नका.

कोणती कॅसेट, कोणता कॅमेरा

आधी कॅसेटी वेगवेगळ्या करा. ठोकळ्यासारखी ती व्हीएचएस, जेव्हीसीने १९७६ साली जपानात आणलेली. आपल्याकडच्या लग्नामुंजीच्या शूटिंगच्या कॅसेटी बहुतेक याच. ऑडिओ कॅसेटएवढी असेल तर व्हिडिओ८ (१९८५), हाय८ (१९८९) किंवा डिजिटल८ (१९९९). तिन्हींचा आकार एकच, आणि हाय८ च्या कॅसेटवर डिजिटल८ चं रेकॉर्डिंग करता येत असल्याने लेबलवर भरवसा ठेवता येत नाही, लावूनच कळतं. सगळ्यात छोटी ती मिनीडीव्ही, १९९५ पासूनची.

यात खरी दुफळी आहे ती अ‍ॅनालॉग आणि डिजिटल अशी. व्हीएचएस, व्हिडिओ८ आणि हाय८ मध्ये चित्र लहरींच्या रूपात असतं, जसं ग्रामोफोनच्या तबकडीवर गाणं. मिनीडीव्ही आणि डिजिटल८ मध्ये कॅमेऱ्याने शूट करतानाच चित्राचे आकडे करून ठेवलेले असतात. त्यामुळे मिनीडीव्हीचं काम सोपं : आकडे आहेत तसे कॉम्प्युटरवर आणायचे, दर्जात तसूभर फरक पडत नाही. अ‍ॅनालॉग कॅसेटला मात्र कोणीतरी लहरींचे आकडे करून द्यावे लागतात. ते काम किती चांगलं होतं, यावर पुढचं सगळं अवलंबून.

इथेच जुना डिजिटल हँडीकॅम उपयोगी पडतो. सोनीचे बरेच डिजिटल८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटी लावतात आणि चालता चालता त्यांचे आकडे करून केबलमधून बाहेर देतात. सगळी मॉडेलं नाहीत. काही स्वस्त मॉडेलांत ही सोय काढून टाकलेली आहे, म्हणून विकत घेण्याआधी मॉडेल नंबर शोधून खात्री करा. व्हीएचएससाठी व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर हँडीकॅममध्ये घालायची आणि हँडीकॅमची डिजिटल केबल कॉम्प्युटरमध्ये. हँडीकॅममध्ये कॅसेट नाहीच, तो नुसता मधला दुभाषी. सोनीच्या अशा कॅमेऱ्यांच्या मेनूत 'ए/व्ही → डीव्ही आउट' नावाचं सेटिंग असतं, ते ऑन करावं लागतं. न केल्यास कॉम्प्युटरवर काळा पडदा, आणि माणूस तासभर केबलला शिव्या देत बसतो. मी बसलो होतो.

एक अडचण : प्रत्येक हँडीकॅम बाहेरचा सिग्नल आत घेत नाही. युरोपात विकलेल्या अनेक मॉडेलांत ही वाट मुद्दाम बंद केलेली असे, कारण बाहेरचं रेकॉर्ड करू शकणाऱ्या कॅमेऱ्यावर तिथे व्हीसीआरसारखं जास्त आयात शुल्क लागे.

याला पर्याय म्हणजे बाजारात मिळणारी स्वस्तातली यूएसबी कॅप्चर पट्टी. काम चालतं, पण कसंबसं. जुन्या व्हीएचएसच्या चित्रात प्रत्येक आडवी ओळ किंचित मागेपुढे सुरू होते, म्हणून दाराच्या चौकटी वाकड्या, थरथरत्या दिसतात. टीव्ही ते सांभाळून घेई. साध्या पट्टीला ते जमत नाही. फितीवर कोरा भाग आला की ती गडबडते, चित्र गोठतं, पुढे आवाज एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. बऱ्याच डिजिटल८ कॅमेऱ्यांत ओळी पुन्हा सरळ रांगेत लावणारं सर्किट असतं, मेनूत ते टीबीसी नावाने दिसतं. दोन्ही करून बघितल्यावर मी पट्टी खणात टाकली.

आता मुंजीच्या कॅसेटीची गोष्ट. आत्याच्या तीन व्हिडिओ८ कॅसेटींपैकी एक माझ्या कॅमेऱ्यात लावली, तर पडद्यावर नुसत्या वळवळणाऱ्या पट्ट्या. मला वाटलं, गेली. मग कॅसेटच्या कडेला बारीक अक्षरात 'पी६-१२०' दिसलं. बाकी दोन्हींवर 'पी५-९०' होतं. पी६ ही अमेरिकेतल्या कॅसेटींची खूण, पी५ इकडच्यांची. आत्याचे दीर तेव्हा न्यू जर्सीला होते, मुंजीला आले ते हँडीकॅम घेऊनच. अमेरिकेत टीव्हीचं चित्र एनटीएससी पद्धतीचं, ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रं. आपल्याकडे पाल, ६२५ ओळी आणि २५ चित्रं. एकासाठी केलेला कॅमेरा दुसऱ्याची कॅसेट धड दाखवत नाही. ज्यांचे मामा-काका त्या काळात अमेरिकेत होते, त्यांच्या घरी अशी निदान एक 'बिघडलेली' कॅसेट हमखास निघेल. फेकू नका. व्हीएचएसवर 'टी-१२०' असेल तर ती बहुधा तिकडची, 'ई-१८०' असेल तर इकडची. हा पुरावा नव्हे, खूण. अमेरिकेतली कोरी कॅसेट आणून इकडच्या कॅमेऱ्यात वापरणारेही होतेच. माझी मुंज शेवटी आत्याच्या त्या दिरांच्याच जुन्या कॅमेऱ्यावर बघितली. त्यांचा मुलगा यंदा येताना तो सामानात घेऊन आला.

सेकंडहँड घेणार असाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे विचारत फिरलं तर काही ना काही मिळतं. पण दुकानदार स्क्रीन लावून "बघा साहेब, चालू आहे" म्हणतो तेव्हा फक्त कॅमेरा चालू आहे असं कळतं, आणि आपल्याला कॅमेरा नकोच आहे. आपल्याला हवा आहे त्याच्या पोटातला टेपचा भाग. सोबत एक बिनमहत्त्वाची कॅसेट न्या. तिथेच पुढे-मागे फिरवून बघा, मिनिटभर रेकॉर्ड करून परत लावा. आणि चार्जर मागा. बॅटऱ्या बहुतेक मेलेल्या असतात, तासभराच्या कॅसेटीला थेट विजेवर चालणारा अ‍ॅडॅप्टरच हवा.

वायरीचं प्रकरण

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. हँडीकॅमला यूएसबीचं भोक असतं. माणूस आनंदाने केबल लावतो आणि कॉम्प्युटरवर काहीच येत नाही, किंवा मेमरी कार्डातले चार फोटो तेवढे येतात. टेपवाल्या बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबी दिलेलं असतं ते फोटोंसाठी, फार तर वेबकॅमसारखं लहान, अडखळतं चित्र देण्यासाठी. टेपवरचं पूर्ण चित्र बाहेर येतं ते दुसऱ्याच एका चिमुकल्या, चार पिनांच्या सॉकेटमधून. त्याला फायरवायर म्हणतात. सोनीने त्याचं नाव आय.लिंक ठेवलं, बाकीच्या कॅमेऱ्यांवर नुसतं 'डीव्ही' लिहिलेलं असतं. तिन्ही एकच.

आता हे सॉकेट नव्या लॅपटॉपवर येत नाही. ऑनलाइन बाजारात फायरवायर ते यूएसबी असे छोटे जोड मिळतात. ते घेऊ नका. दोन्हींची बोलायची भाषा वेगळी आहे, नुसती टोकं जुळवून ती कळत नाही, आणि चुकीच्या जागी वीज गेली तर कॅमेऱ्याचं सॉकेट जळायची भीती वेगळीच. डेस्कटॉप असेल तर आत बसणारं फायरवायर कार्ड हा चांगला उपाय. अ‍ॅपलवाल्यांना थंडरबोल्टचे दोन जोड आणि एक केबल अशी आगगाडी करावी लागते, आणि मॅकओएस टाहोपासून तर फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. मी सगळ्यात सोपी वाट धरली : माळ्यावरचा २००७ सालचा लॅपटॉप काढला. त्या काळातल्या कित्येक लॅपटॉपच्या कडेला हे चार पिनांचं सॉकेट आहे. बायको म्हणाली, "भंगारवाल्याला देणार होते मी तो." बरं झालं, भंगारवाला आला नाही.

लावण्याआधी

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. काळी, गुळगुळीत, सपाट दिसली तर उत्तम. कडेला पांढरे, भुरकट ठिपके दिसले तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, किंवा जिथे पावसाळ्यात भिंतींना ओल येते तिथे हे नेहमीचं. अशी कॅसेट चांगल्या कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. आत्याची व्हीएचएस अशीच निघाली, ती मी बाजूला ठेवली. अशा फिती उघडून साफ करणारे लोक वेगळे असतात, ते आपलं काम नाही.

चांगल्या कॅसेटीही वर्षानुवर्षं एकाच जागी पडून फितीचे वेढे एकमेकांना चिकटल्यासारखे झालेले असतात. म्हणून आधी शेवटपर्यंत पुढे, मग सुरुवातीपर्यंत मागे, असं एकदा फिरवून घ्यावं. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणूनचं कुलूपही बघून घ्या : मिनीडीव्हीवर खटका 'सेव्ह'कडे, व्हिडिओ८, हाय८, डिजिटल८ वर सरकणारी पट्टी, व्हीएचएसवर मागची प्लास्टिकची चकती तोडलेली. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर परत काही मिळत नाही.

पावसाळ्यात कॅमेऱ्यात थेंबाचं चिन्ह लुकलुकू लागलं आणि कॅसेट चालेनाशी झाली, तर तो बिघडलेला नाही. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणल्यावर ड्रमवर दव धरलं आहे, हे त्याला कळलं. दार उघडं ठेवून तासभर सोडून द्या. जबरदस्तीने फीत लावली तर ती ओल्या ड्रमला चिकटून गुंडाळली जाते.

उतरवताना

विंडोजवर विनडीव्ही नावाचा एक फुकट, जुना, दिसायला ओबडधोबड प्रोग्रॅम आहे. काही शोभा नाही, पण काम चोख. कॅमेरा प्लेवर, इकडे कॅप्चर, झालं. लिनक्सवाल्यांसाठी डीव्हीग्रॅब आहे. जागा किती लागेल, याचा हिशेब आधी करा : एका तासाला सुमारे १३ जीबी. आत्याच्या दहा कॅसेटी म्हणजे जेमतेम एका स्वस्त हार्डडिस्कचा कोपरा. हा आकडा बघून लोक दचकतात आणि सुरुवातीलाच आवळून छोटी फाइल करतात. करू नका. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची तीन तासांची कॅसेट एका दुकानाने २००९ साली ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीत बसवून दिली. अक्षता पडतात तिथे पडद्यावर नुसते चौकोन उडतात आणि नवरदेव आडवा ताणलेला, दुप्पट रुंद. दुकानाने कॅसेट परत दिली, आम्ही हरवली. आता जे आहे ते तेवढंच.

मिनीडीव्हीत एक छान गोष्ट दडलेली असते. प्रत्येक चित्रासोबत शूटिंगची तारीख आणि वेळ आकड्यांत लिहिलेली असते, पडद्यावर दिसत नाही एवढंच. विनडीव्ही त्यावरून फाइलींची नावं ठेवू शकतो आणि जिथे वेळेत खंड पडला तिथे नवी फाइल सुरू करू शकतो. एका कॅसेटीतून आपोआप गणपती, सहल, वाढदिवस असे तुकडे पडतात. अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ कोणी लावलेलं असेल तर. आत्याच्या दोन कॅसेटींत अंगणातला आंबा मोहरलाय आणि तारीख ऑगस्टची आहे.

लाँग प्ले म्हणजे एलपीवर, एका कॅसेटीत जास्त वेळ बसवून शूट केलेली मिनीडीव्ही दुसऱ्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा फुटते. जमेल तर ज्या कॅमेऱ्याने काढली, त्यातच लावावी.

आणि कॅसेट संपली असं वाटलं तरी बंद करू नका. तिसऱ्या कॅसेटीत वास्तुशांत संपली, मग निळा पडदा. मी चहा करायला गेलो. अकरा मिनिटांनी आतून आवाज आला. कॅमेरा कोणीतरी ओट्यावर तसाच चालू ठेवलेला. चौकटीत खाटेचा एक पाय, लुगड्याचा काठ, आणि एक मांजर. दिसत कोणी नाही. आजी विचारते, "तांदूळ निवडून झाले का गं?" कोणीतरी हो म्हणतं. मग आजोबा, लांबून : "ते मशीन बंद केलंस ना रे?" आणि माझा, फुटायला लागलेला आवाज : "हो, कधीच." पुढे चार मिनिटं सूप पाखडल्याचा आवाज. वास्तुशांतीच्या पाऊण तासात आजी दोनदा दिसते, दोन्हीदा कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करते, बोलत नाही. वापरून ठेवलेल्या कॅसेटीत कोऱ्या भागानंतर असं काहीतरी निघतंच, म्हणून शेवटच्या इंचापर्यंत चालू द्यावी.

उतरवलेली फाइल कॉम्प्युटरवर लावली की हललेल्या हाताला फणीसारखे दाते दिसतात. घाबरू नका, हा बिघाड नाही. जुना टीव्ही एक चित्र एका दमात काढत नसे. आधी विषम ओळी, मग सम ओळी, असं सेकंदाला ५० वेळा अर्धं अर्धं चित्र रंगवत असे. कॉम्प्युटर दोन्ही अर्ध्या एकदम दाखवतो, आणि त्या दोन क्षणांमध्ये हात थोडा पुढे गेलेला असतो. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची दुसरी प्रत करताना हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये डिइंटरलेसचं (हे दाते काढायच्या सोयीचं) 'बॉब' निवडायचं, म्हणजे ५० अर्ध्यांची ५० पूर्ण चित्रं होतात आणि नाचणारी पोरं पुन्हा गुळगुळीत नाचतात. चित्राचा आकार ४ः३ राहू द्या. नव्या टीव्हीच्या रुंदीला ताणलं की घरातले सगळे वजन वाढल्यासारखे दिसतात.

मूळ मोठ्या फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या, त्यातली एक बहिणीच्या घरी. छोट्या प्रती आत्याला पाठवायच्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलं तर तो पुन्हा आवळतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, दोन जीबीपर्यंत जातं. शिवाय पेनड्राइव्ह कुरिअर केला, तो तिने टीव्हीला लावला. रात्री फोन आला. अर्धा तास कोण कोण दिसलं, कोण आता नाही, कोणाची साडी कोणी नेसली होती, हे सगळं झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "बाकी ठीक आहे. पण माझ्या कॅसेटी परत कधी देतोयस?"